आनेबंड्याभोवतीच्या पिवळ्या फुल्या

आप्पाजींविषयी श्रीधररावांना नेमकं काय माहीत होतं, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं फार थोडं आहे. टोकन नंबर ठाऊक होता, तीनशे चौदा. रक्तगट ठाऊक होता. जन्मतारीख एक जून, म्हणजे गावच्या मास्तरांनी अंदाजानं घातलेली. वारसाच्या रकान्यात बायकोचं नाव महानंदा. ओळखीची खूण, उजव्या अंगठ्याखाली जुना व्रण. हे सगळं श्रीधररावांनी स्वतः टाइप केलं होतं, तेही दोनदा, कारण पहिली फाइल वाळवीनं खाल्ली. एकोणीस वर्षं दोघं एकाच कारखान्यात होते. त्यांच्यात चाळीसएक वाक्यं झाली असतील, त्यातली निम्मी ‘अर्ज इथं ठेवू का’ आणि ‘ठेवा’ अशी. बाकी जे कळलं ते एका रविवारी कळलं, आणि त्या दिवशीही श्रीधररावांचं निम्मं लक्ष आपल्या खिशाकडं होतं. त्यामुळं पुढची हकीकत अपुरी वाटली तर तसं वाटणं बरोबर आहे.

कारखाना महादेवपुऱ्यात, पंप बनवणारा. श्रीधरराव तिथं पर्सोनेल खात्यात कारकून. त्यांचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरातलं, चिकपेटेच्या मागल्या गल्लीतलं. घरात मराठी, पण ती अशी की भाजीवाल्याशी सुरू केलेलं वाक्य घरात येऊन संपलं तरी कुणाला फरक कळू नये. आप्पाजी निपाणीकडचे. सत्तरच्या सुमारास नोकरीसाठी आले आणि मिळेल ती कामं करून सत्त्याहत्तरला या कारखान्यात मार्कर म्हणून लागले.

मार्कर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ते काम आता राहिलेलं नाही. ओतशाळेतून पंपाचा ओबडधोबड लोखंडी सांगाडा येतो. कुठं तासायचं, कुठं भोक पाडायचं, हे त्याच्या अंगावर कुठंच लिहिलेलं नसतं. आप्पाजी त्याला आधी चुन्याचा हात देत. मग तो सपाट पोलादी टेबलावर मांडून, कुठला पृष्ठभाग आधाराला धरायचा ते ठरवत. याला बराच वेळ लागे आणि या वेळात त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नसे. मग टोकदार सळईनं रेघा ओढत. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदत, तिथं भोकाचं केंद्र. त्या फुलीवर ड्रिल उतरे. ड्रिलवाल्यांना त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती, फुली म्हणजे इथंच. कुणाला शंका आली तर तो आप्पाजींकडं जाई आणि आप्पाजी पुन्हा फुलीवरच बोट ठेवत.

पंचाण्णवच्या डिसेंबरात फ्रान्समधून एक यंत्र आलं. संगणकावर चालणारं. त्याच्याबरोबर ते बसवायला फाब्र नावाचे एक इंजिनिअर आले. पन्नाशीचे, काटक, नाक उन्हानं सोललेलं. कंपनीनं त्यांची सोय व्हाइटफील्डला एका जुन्या बंगल्यात केली. तेव्हाचं व्हाइटफील्ड म्हणजे झाडं, बंगले आणि दर तासाला एक बस. पहिल्या रविवारी फाब्रसाहेब बंगल्यातून निघाले, गावाला वळसा घालून पन्नास मिनिटांत परत आले आणि पुढं काय, असं त्यांनी वॉचमनला विचारलं. दुसऱ्या रविवारी त्यांना कब्बन पार्कला नेलं. ते त्यांनी एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून फिरून पाहिलं. सोमवारी ते मॅनेजर मोहनकुमारांसमोर बसले आणि एक फोटो टेबलावर ठेवला. चुनखडीचं पांढरं पठार, फाटलेले कडे, तळाशी बारीक नदी. आपल्याकडं लोक रविवारी असे वीस-पंचवीस किलोमीटर चालतात, असं त्यांनी सांगितलं. दिवसभर. खडकांवर पिवळ्या रंगाच्या खुणा असतात, त्या बघत जायचं, आणि संध्याकाळी जिथून निघालो तिथंच यायचं.

“तिथंच?” मोहनकुमारांनी विचारलं.

“तिथंच.”

मोहनकुमारांना यातलं काही कळलं नाही, पण पाहुणा खूश राहायला हवा होता. कारखान्यात चौकशी झाली. बिडदीच्या पुढं आत आनेबंडे नावाची काळ्या खडकाची टेकाडं आहेत. त्यांच्या पायथ्याला आप्पाजींच्या साडूची, खंडोजीची, तुतीची शेती होती. तिथल्या शेळ्यांच्या वाटासुद्धा आप्पाजींना पाठ होत्या. शिवाय खुणा करणं हे तर त्यांचं कामच. एक डबा पिवळा रंग आणि एक इंची ब्रश असा माल स्टोअरमधून त्यांच्या नावावर निघाला.

आप्पाजींनी तीन रविवार घालवले. पहिला रविवार त्यांनी नुसता पायथ्याच्या आंजनेयाच्या दगडापाशी बसून काढला, कारण आधी आधार ठरला पाहिजे. मग तो दगडच आधार धरून त्यांनी टेकाडांना पूर्ण वळसा घालणारी वाट आखली. वाट सरळ असेल तिथं पिवळा पट्टा. वळायचं असेल तिथं फुली.

खंडोजीनं त्यांना विचारलं होतं, “ही वाट जाती कुठं?”

“इथंच येती.”

“मग बसा की इथंच. च्या टाकायला सांगतो.”

“साहेबाला चालायचं हाय.”

“गाडी न्हाई व्हय त्याला?”

रंगाचं काम संपलं त्याच आठवड्यात श्रीधररावांनी अकरा नावांची एक यादी टाइप केली. ऐच्छिक निवृत्तीची. ऐच्छिक असल्यामुळं नावं वरूनच ठरून आली होती. चौथं नाव आप्पाजींचं होतं. नव्या यंत्राला मार्कर लागत नव्हता.

शनिवारी मोहनकुमारांनी श्रीधररावांना केबिनमधे बोलावलं. “उद्या तुम्ही पण जा आनेबंड्याला. फाब्र मोडकं इंग्लिश बोलतात, आप्पाजी अजिबात नाही. मधे कुणीतरी पाहिजे.” मग त्यांनी एक लिफाफा पुढं सरकवला. “आणि हे त्यांना द्या. तुमची भाषा एक आहे. नीट समजावून सांगा. सोमवारी आठला यादी गेटच्या बोर्डावर लागणार.”

“सर, तुम्हीच सांगितलंत तर...”

“दिवसभर आहात की बरोबर. स्वल्प, जरा वेळ बघून सांगा.”

म्हणजे गोष्ट सरळ होती. रविवारी श्रीधररावांनी सांगितलं नाही, तर सोमवारी सकाळी आप्पाजी आपलं नाव गेटवर वाचणार होते, शिफ्टच्या तीनशे माणसांच्या गर्दीत उभं राहून. श्रीधररावांनी आयुष्यात कुणाला वाईट बातमी दिलेली नव्हती. स्वतःचे वडील गेल्याची बातमीसुद्धा त्यांनी शेजाऱ्यांकडून कळवली होती. लिफाफा त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. तो तिथं मावत नव्हता, म्हणून घडी घातली.

चार फेब्रुवारीला सकाळी साडेसहाला जीप आंजनेयापाशी पोचली. फाब्रसाहेबांच्या पायात जाड तळव्यांचे बूट होते, पाठीला पिशवी, हातात काठी. आप्पाजी कंपनीच्या कॅनव्हासच्या बुटात, डोक्याला पंचा. श्रीधररावांनी ऑफिसचे काळे बूट घातले होते. चालण्याचा त्यांचा अनुभव म्हणजे एचएसआर लेआउटमधली आपली साइट, म्हणजे रिकामा प्लॉट, जागेवर आहे का ते बघायला महिन्यातून एकदा बसस्टॉपपासून दीड मैल.

आप्पाजींनी त्यांच्या बुटांकडं पाहिलं. “पॉलिश केलंय होय?”

“सवय आहे.”

“असू दे. वर कोण बघंल तर बरंच.”

आनेबंडे म्हणजे एक टेकडी नव्हे, एकाला एक टेकलेली सहा-सात टेकाडं. माती अशी नाहीच. हत्तीच्या पाठीसारखे उघडे खडक, त्यांच्या फटींतून काटेरी झुडपं, आणि मधून घरं मावतील एवढ्या धोंड्यांचे ढीग. माथ्यापर्यंत नुसता चढ होता. वाट एकच असल्यामुळं वळायचा प्रश्न नव्हता, खडकावर नुसते पिवळे पट्टे. फाब्रसाहेब प्रत्येक पट्ट्यापाशी थांबून मान डोलवत. पट्टे सगळे एकाच उंचीवर होते, जमिनीपासून बरोबर तीन फूट. ते त्यांनी काठी लावून पाहिलं.

“यांना सांगा,” ते श्रीधररावांना म्हणाले, “आमच्याकडं इतकं सरळ कुणी मारत नाही.”

श्रीधररावांनी सांगितलं. आप्पाजी म्हणाले, “हे बी हातानंच मारलंय. इथं लेव्हल कुठली आणायची?”

पहिल्या खिंडीत फाब्रसाहेब फोटो काढायला पुढं गेले. दोघं मागं उरले. आप्पाजी एका दगडावर टेकले, पंचानं मान पुसली आणि स्वस्थ बसून राहिले. ही वेळ चांगली होती. श्रीधररावांनी खिशावर हात ठेवला.

“आप्पाजी, एक विचारायचं होतं.”

“विचारा की.”

“इथं बिबटे आहेत का?”

आप्पाजींनी त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. “हाईत.”

“अस्सं.”

“अस्वलं बी हाईत,” आप्पाजी म्हणाले आणि उठले.

साडेअकराला माथा आला. तिथं खडकात नैसर्गिक टाकं आहे, नोव्हेंबरातलं पाणी त्यात अजून होतं. फाब्रसाहेब त्याच्या काठाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ पाणी बघत राहिले. त्यांच्या चुनखडीच्या पठारावर पाऊस कितीही पडो, सगळा आत मुरतो, वर थेंब टिकत नाही. मेंढ्यांसाठी लोकांना दगडी हौद बांधावे लागतात. हे श्रीधररावांनी मराठीत सांगितलं तेव्हा आप्पाजी म्हणाले, “मग दगड कसला तो?” हे मात्र श्रीधररावांनी उलट सांगितलं नाही.

जेवणात फाब्रसाहेबांकडं पाव आणि चीज, श्रीधररावांकडं चित्रान्न, आप्पाजींकडं ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. फाब्रसाहेबांनी चटणी खाल्ली, पाणी प्याले आणि पुन्हा चटणी घेतली. चीजचा एक तुकडा त्यांनी आप्पाजींना दिला. आप्पाजींनी तो तोंडात टाकला आणि न थांबता गिळला. चांगला आहे, असं सांगा म्हणाले. मग लांब जाऊन त्यांनी चूळ भरली.

जेवणानंतर फाब्रसाहेबांनी विचारलं, मी एकटा पुढं गेलो तर चालेल का. त्यांना आपल्या वेगानं चालायचं होतं. श्रीधररावांचे बूट तोपर्यंत चावू लागले होते आणि तासाला दोन किलोमीटरच्या वर त्यांची मजल जात नव्हती.

श्रीधरराव नको म्हणणार होते. आप्पाजीच म्हणाले, “जाऊ दे त्याला. खुणा हाईत की.” फाब्रसाहेब पिशवी पाठीला मारून निघाले आणि पाच मिनिटांत दिसेनासे झाले.

उताराला आप्पाजी हळू चालत होते. स्वतःहून बोलत होते, आणि हे जरा नवल होतं. कारखान्यात लागले त्या वर्षीची गोष्ट त्यांनी सांगितली. एका सांगाड्यावर त्यांनी आधार चुकीचा धरला. रेघा सगळ्या बरोबर, फुल्या बरोबर, पण सगळंच एका बाजूला सरकलेलं. सहा भोकं पडली तेव्हा कळलं. फोरमननं आरडाओरड केली नाही. तो सांगाडा आप्पाजींच्या टेबलाखाली ठेवायला सांगितला. वर्षभर तो तिथंच होता. रोज कामाला उभं राहिलं की पायाला लागायचा.

“मग?”

“मग काय. वर्षानं भंगारात गेला. मला चुकल्या-चुकल्यागत झालं.”

थोडं चालून आप्पाजी म्हणाले, “चुकलं तर कळाय पाहिजे माणसाला. कुणीतरी सांगाय पाहिजे. न सांगता ठेवलं की जास्त लागतंय.”

श्रीधरराव थांबले. आता सांगितलंच पाहिजे होतं. त्यांनी घडी घातलेला लिफाफा खिशातून निम्मा बाहेर काढला.

“आप्पाजी, मोहनकुमारसाहेबांनी काल मला...”

आप्पाजींनी पटकन ओठांवर बोट ठेवलं आणि वर दाखवलं. कड्याच्या पोटाला काळी आग्या मोहोळं लटकत होती, एकेक सुपाएवढं. सात होती. “इथनं अर्धा मैल बोलायचं न्हाई,” ते पुटपुटले. श्रीधररावांनी लिफाफा परत आत ढकलला. अर्धा मैल ते श्वास धरून चालले. मोहोळं संपली तेव्हा त्यांचा धीरही संपला होता.

चार वाजता दोघं आंजनेयापाशी पोचले. जीप होती. ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपला होता. फाब्रसाहेब नव्हते.

ड्रायव्हर म्हणाला, कुणी आलेलं नाही.

सूर्य सव्वासहाला मावळणार. बिबट्यांविषयी श्रीधररावांनी सकाळी स्वतःच विचारून घेतलं होतं. दोघं आल्या वाटेनं उलटे निघाले. आप्पाजी आता हळू चालत नव्हते. श्रीधररावांनी बूट काढून हातात घेतले, नुसत्या मोज्यांवर ते खडकावर बरे चालत होते. मोहोळांखालून परत जाताना आप्पाजींनी हात जोडले, ते चालताचालताच.

मोहोळांच्या वर, उताराच्या पहिल्याच फाट्याला आप्पाजी वाकले. वाट तिथं दोन होत होती. डावीकडच्या धोंड्यावर ठसठशीत पिवळी फुली होती. तिथून दोघं दुपारी उतरले होते. उजवीकडं काहीच नव्हतं, नुसती शेळ्यांची वाट. आणि तिथल्या धुळीत जाड तळव्याच्या बुटाचा ठसा उमटला होता.

“फुली दिसली न्हाई व्हय त्याला?” आप्पाजी म्हणाले. “एवढी हातभर मारलीय.” त्यांनी फुलीवर बोट ठेवून पाहिलं. रंग वाळलेला होता, फुली जागेवर होती.

उजवीकडची वाट खाली जाऊन पुन्हा ठरलेल्या वाटेला मिळत होती. तिथंही फुली होती आणि तिथंही ठसे फुलीकडं पाठ करून दुसरीकडं गेले होते. तिसऱ्या ठिकाणी तेच. आप्पाजींचा चेहरा उतरला. एवढा चांगला डोळा असलेला माणूस, काठी लावून पट्ट्यांची उंची मोजणारा, आणि फुल्या तेवढ्या चुकवतो, हे त्यांना उलगडेना.

सव्वापाचला, एका ओढ्याच्या पलीकडच्या खडकावर, दोन धनगरांच्या मधे फाब्रसाहेब बसलेले सापडले. हातात ताकाचा गडू. पोटरी काट्यांनी ओरबाडलेली, पण मजेत होते. धनगर कन्नड बोलत होते, ते फ्रेंच बोलत होते, कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

“फार कठीण वाट आहे,” त्यांनी श्रीधररावांना आनंदानं सांगितलं. “जिकडं जावं तिकडं फुली. शेवटी जायला दिशाच उरली नाही.”

“तुम्ही फुलीकडं का नाही गेलात?”

“फुलीकडं?” फाब्रसाहेबांनी काठीनं वाळूत एक फुली काढली आणि तिच्याकडं बघत मान आडवी हलवली. “आमच्याकडं फुली म्हणजे ही वाट नव्हे. इकडं येऊ नका.”

श्रीधररावांनी हे आप्पाजींना सांगितलं. आप्पाजी खाली बसले. वाळूतल्या फुलीवर त्यांनी बोट ठेवलं.

“किती मारल्या होत्या?” श्रीधररावांनी विचारलं.

“छत्तीस.”

“चूक त्यांची नाही आणि तुमचीही नाही, आप्पाजी.”

“माझी कशी न्हाई? मी इचारलंच न्हाई, तुमच्यात फुली म्हंजे काय म्हणून. आधारच चुकला.”

श्रीधररावांनी फाब्रसाहेबांना मार्करचं काम समजावून सांगितलं. दोन रेघा, मधे केंद्र, फुली म्हणजे इथंच. फाब्रसाहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी आप्पाजींचा हात हातात घेतला. मग परत निघाल्यावर, थोडं चालून, त्यांनी सरळ मनानं एक प्रश्न विचारला. माझ्या यंत्राला तर फुल्या लागत नाहीत, केंद्र ते स्वतःच काढतं. मग हे गृहस्थ आता काय करणार आहेत?

आप्पाजींनी श्रीधररावांकडं पाहिलं. “काय म्हणतो?”

“विचारतात, दमलात का.”

“एवढं लांब बोलला, आणि दमलात का?”

श्रीधरराव चार पावलं चालले. पाचव्याला थांबले, खिशातून लिफाफा काढला आणि त्याची घडी उलगडायचा प्रयत्न केला. दिवसभराच्या घामानं तो मऊ पडला होता. मग ते बोलले. यादी, अकरा नावं, चौथं नाव, सोमवारी आठ वाजता गेटचा बोर्ड. एकदा सुरू झाल्यावर वाक्यं बरी आली. मोहनकुमारांनी सांगितलं होतं तशी नीट समजावून नव्हे, पण सगळी आली. शेवटी ते म्हणाले, “काल दुपारपासून माझ्या खिशात आहे हे.”

आप्पाजींनी लिफाफा घेतला, उघडला नाही, आपल्या खिशात ठेवला. तो तिथं नीट मावला.

“सांगितलंत एकदाचं,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मशिनची पेटी उघडली तवा मी तिथंच हुतो की. त्याच्या टेबलाला त्याचा स्वतःचा झिरो हाय, आधार त्येच धरतंय. ज्याला स्वतःचा झिरो हाय त्याला मार्कर कशाला लागंल? आणि बुधवारी मोहनकुमारसाहेब माझ्या टेबलापाशी येऊन, बायकोची तब्येत कशी हाय म्हणून इचारून गेले. एकोणीस वर्सांत पयल्यांदा. मग काय ऱ्हायलं?”

“मग सकाळीच का नाही बोललात?”

“तुमी सांगणार म्हणून. कुणाच्या तोंडचं काढून घेऊ नये.” आप्पाजींनी पंचा डोक्यावर सारखा केला. “खिंडीत थांबलो, तर तुमी बिबट्याचं काढलं. म्हणलं, जेवल्यावर सांगतील. ह्यो मानूस मधे नको म्हणून त्याला पुढं सोडला. मग मीच मोहोळाखाली तुमचं तोंड बंद केलं. त्याला इलाज नव्हता.”

फ्रान्सहून आलेला माणूस अस्वलांच्या रानात तीन तास भरकटला, तो आपण एक लिफाफा वेळेवर काढला नाही म्हणून, एवढं श्रीधररावांच्या लक्षात आलं.

“आता त्याला सांगा,” आप्पाजी म्हणाले.

“काय सांगू?”

“दमलो न्हाई म्हणून.”

श्रीधररावांनी तसं सांगितलं. फाब्रसाहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. तिघं आंजनेयापाशी आले तेव्हा उजेड होता, पण रंग ओळखू येण्याइतका नव्हता.

सोमवारी पावणेआठला, बोर्डावर यादी लागायच्या आधी, आप्पाजींनी सही केलेला कागद श्रीधररावांच्या टेबलावर ठेवला. गेटवर गर्दी झाली तेव्हा ते आपल्या टेबलाशी उभे होते, नेहमीप्रमाणं कुणाशी न बोलता एका सांगाड्याचा आधार ठरवत. फाब्रसाहेबांनी जाण्यापूर्वीच्या अहवालात एक वाक्य लिहिलं की या कारखान्यात अचूक डोळ्याचा एक मार्कर आहे आणि त्याला यंत्राच्या तपासणीवर घ्यावं. मोहनकुमारांनी ते वाक्य वाचलं आणि अहवाल फाइलला लावला. फाइल श्रीधररावांनीच कपाटात ठेवली.

फेब्रुवारीतले पुढचे तीनही रविवार आप्पाजी आनेबंड्याला होते. तारेचा ब्रश आणि रॉकेल घेऊन त्यांनी छत्तीसही फुल्या घासून काढल्या. चुकीचं मार्किंग मागं ठेवून जायचं नव्हतं. हे श्रीधररावांना खंडोजीनं पुढं कधीतरी सांगितलं. मदतीला आपण जायला हवं होतं, असं त्यांना अजून वाटतं. पण त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता कुठं जायची त्यांना सवय नव्हती.

आप्पाजी आणि महानंदाबाई मार्चमधे निपाणीकडं गेले. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर तिकडून पेन्शनच्या कागदांसाठी महानंदाबाईंचं पत्र आलं, त्यावरून आप्पाजी गेल्याचं कळलं. वारसाच्या रकान्यातलं नाव बरोबर आहे की नाही, ते श्रीधररावांनी दोनदा तपासून पाहिलं.

श्रीधरराव आणि आप्पाजींची शेवटची भेट झाली ती आप्पाजींच्या कामाच्या शेवटच्या दिवशी, पर्सोनेलच्या खिडकीपाशी. हत्यारं स्टोअरला जमा झाली होती. एका फॉर्मवर सही तेवढी राहिली होती. श्रीधररावांनी आदल्या रात्री बोलायचं काही ठरवून ठेवलं होतं, दोन-तीन वाक्यं. मागं रांगेत आणखी चारजण उभे होते. त्यांनी फॉर्म पुढं सरकवला आणि पेन दिलं. आप्पाजींनी सही केली, शाई वाळेपर्यंत थांबले आणि विचारलं,

“तारीख काय घालू?”

“एकोणतीस.”

“फेब्रुवारी न्हवं का?”

“यंदा एकोणतीस दिवसांचा आहे.”

“हां. मग घालतो.”

“घाला.”